पेंढा, कातडे आणि कल्पित प्राणी

मृत प्राण्याच्या कातड्यास सजीवाचे रूप देण्याच्या कलेला मराठीत ‘पेंढा भरणे’ म्हणतात. ‘चर्मपूरण’ हा पारिभाषिक शब्दही भरण्याच्या क्रियेवरच भर देतो. उलटपक्षी ‘टॅक्सिडर्मी’ हा शब्द ‘मांडणी’ आणि ‘त्वचा’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून सिद्ध झाला आहे. मराठी शब्दाने आत काय घातले ते कळते, ग्रीक शब्दाने वर काय मांडले ते. पंखांचा कोल्हा, शिंगांचा ससा, लोकरीच्या अंगाचा ड्रॅगन असे कल्पित प्राणी मऊ भरणाने घडवून विकण्याचा व्यवसाय अलीकडे पाश्चात्त्य देशांत रूढ झाला आहे. त्याचे गुणदोष पारखण्यास हा अर्थभेद उपयोगी पडतो.

परंदवडीसारख्या मावळी गावात पेंढा म्हणजे झोडपून दाणे काढलेल्या भाताच्या काड्या. ज्वारीच्या मुलखातील कडब्याहून ही वस्तू वेगळी, मऊ आणि दाबून बसणारी. ती कातड्यात भरण्याची रीत ग्रामीण जीवनास अपरिचित नव्हती. वासरू दगावले की गाय पान्हा चोरते. म्हणून मेलेल्या वासराचे कातडे सोलून, वाळवून, त्यात पेंढा भरून ते धारेच्या वेळी तिच्यापुढे ठेवीत. ती ते चाटी आणि पान्हा सोडी. या वासराला डोळे नसले, पाय वेडेवाकडे असले तरी चाले, कारण त्याची सारी सत्यता वासात आणि स्पर्शात होती. त्यात भरणे होते. मांडणीची गरजच नव्हती.

संग्रहालयातील कला या मार्गाने गेली नाही. अमेरिकेत कार्ल एकली याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्नायूंचे उंचसखलपण दाखविणारा साचा आधी शिल्पासारखा घडवून त्यावर कातडे चढविण्याची पद्धती पुढे नेली. महाराष्ट्रात २००९ साली बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात या कामाचे केंद्र सुरू झाले. तेथील कामाची धुरा वाहणारे डॉ. संतोष गायकवाड हे मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अशा प्राण्यास ‘पेंढा भरलेला’ म्हणणे वस्तुतः अयथार्थ होय.

मऊ भरणाचा कल्पित प्राणी या दोन परंपरांच्या मध्ये उभा आहे. त्याचे डोके कठीण असते: राळेच्या किंवा फेसाच्या साच्यावर मुख बसवून त्यात काचेचे डोळे घालतात. धड मात्र मऊ असते; त्यात कृत्रिम तंतूंचा कापूस, वजनासाठी बारीक मणी आणि हवे तसे वाकविण्यासाठी तारेचा सांगाडा असतो. कातडे खरे वापरतात किंवा नकली लोकरही वापरतात. म्हणजे डोके संग्रहालयाचे आणि धड गोठ्यातल्या वासराचे. हा संयोग सामान्यतः जेथे फसतो ते स्थान सांध्याचे. कारागीर लोकरीच्या स्पर्शावर विसंबतो, पंख पाठीवर शिवून टाकतो. पण तो पंख कोणत्या हाडाला लागून हलेल याचा विचार करीत नाही. मग प्राणी कुरवाळावासा वाटतो, परंतु तो उडेल असे वाटत नाही.

या बाबतीत मावळातील जुने कारागीर अधिक विचारी होते. भाजे येथील विहारात बैलाच्या धडाला मानवी ऊर्ध्वभाग जोडलेल्या आकृती आहेत. पाषाणात स्पर्शाचे साह्य नसल्याने तेथे सगळा भार मांडणीवर पडतो. सह्याद्रीपलीकडे जंजिऱ्याच्या दरवाजावरील श्वापदाने पंजांत, शेपटीत आणि तोंडात हत्ती धरले आहेत. असे श्वापद कोणी पाहिलेले नाही; तथापि त्याच्या शरीराच्या बांध्यामुळे त्या पकडीचे बळ पटते. स्वीडनमध्ये रुडॉल्फ ग्रानबेर्ग याने १९१८ साली ससा व रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी यांच्यापासून केलेला ‘स्क्वाडर’ सुंडस्वाल येथे लोक आजही कौतुकाने पाहतात.

विक्रीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १७९९ साली जॉर्ज शॉ याने बदकचोच्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा चोच शिवून लावली असावी अशी शंका त्यास आली होती. बनावट जलपऱ्यांच्या व्यापाराने खऱ्या प्राण्यावरचाही विश्वास डळमळीत केला होता. म्हणून कल्पित प्राणी विकणाऱ्याने कातडे कोणाचे, नकली काय आणि खरे काय, हे सांगणे हा त्याच्या कलेचाच भाग मानला पाहिजे. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या कातड्यांच्या व्यापारावर कठोर बंधने घातली आहेत. येथे हा व्यवसाय करू पाहणाऱ्यास नकली लोकर हाच निर्धोक मार्ग आहे. नकली लोकरीला प्राण्याचा वास नसतो. त्यामुळे स्पर्शाची उणीव मांडणीने भरून काढावी लागते, आणि ती कलेच्या दृष्टीने इष्टापत्तीच होय.

गोठ्यातील वासराने गायीस फसविले. ती फसवणूक घरच्या दुधासाठी होती व गायीला तिचे मोल ठाऊक नव्हते. मोल देऊन वस्तू घेणारा ग्राहक हा गाय नव्हे. त्याला जे हवे असते ते जाणूनबुजून पत्करलेले आश्चर्य, आणि ते भरणातून मिळत नाही. अशा कृतींविषयी मराठीत लिहिताना ‘पेंढा भरलेला’ हा शब्द वासरापुरता राखून ठेवावा. कल्पित प्राण्यास ‘घडविलेला’ म्हणावे. या एका क्रियापदाने कारागिराचे श्रेय व त्याची जबाबदारी दोन्ही सांगितली जातात.