गतिमान लेखन आणि अक्षराचे एकक

लिखित अक्षराला गती दिली म्हणजे केवळ त्याचे स्थान बदलते असे नाही. ते वाचण्याची रीतही बदलते. ‘मोशन ग्राफिक्स’ या कलाप्रकाराचा विचार बहुधा दृश्यकलेच्या अंगाने होतो. वस्तुतः त्याच्या साधनांत लिपीविषयीचे एक गृहीतक दडलेले असते, आणि ते तपासणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे.

सॉल बास याने १९६० च्या ‘सायको’ या चित्रपटासाठी रचलेली श्रेयनामावली या दृष्टीने लक्षणीय आहे. पडद्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या धावत येतात. नावांचे आडवे छेद सरकतात, क्षणभर जुळतात आणि पुन्हा विस्कटतात. हा विच्छेद शोभेचा नव्हे. दुभंगलेल्या मनाची कथा त्यातून आरंभीच सूचित होते. अक्षर कोठे व का मोडावयाचे, याचा निर्णय येथे कलावंताचा आहे.

त्याच वर्षी जॉन व्हिटनी याने ‘मोशन ग्राफिक्स’ याच नावाची संस्था स्थापन केली. विमानवेधी तोफांचा नेम साधणाऱ्या जुन्या लष्करी गणकयंत्रातून त्याने चित्रणाचे साधन घडविले. पुढे १९९३ मध्ये आलेल्या ‘आफ्टर इफेक्ट्स’ने असे काम संगणकाच्या पडद्यावर आणले. कलावंताने मोजक्या स्थिती ठरवाव्यात व मधल्या स्थिती यंत्राने भराव्यात, ही त्याची रीत. त्यात शब्द एकेका वर्णचिन्हाने हलविता येतो. परंतु ‘एक चिन्ह’ म्हणजे काय, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

रोमन अक्षरे मुद्रणात सुटी उभी असतात; त्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा जाणवत नाही. देवनागरीत मात्र ‘क्षि’ हे वाचकाला एक अक्षर, तर युनिकोड संकेतात ती चार चिन्हे: क, हलन्तचिन्ह, ष आणि ऱ्हस्व इकार. शिवाय हा इकार उच्चारात व संकेतात शेवटी येतो, लेखनात मात्र अगोदर. साधनाने संकेतचिन्हालाच एकक मानले, तर जोडाक्षर उकलते, वेलांटी निराधार होते आणि शिरोरेषा तुटते.

शिरोरेषा तोडूच नये, असा याचा अर्थ नव्हे. बासप्रमाणे मराठी कलावंतही ती अर्थपूर्ण रीतीने तोडू शकेल. मात्र हेतुपुरस्सर केलेला भंग आणि साधनाच्या अज्ञानातून घडलेला भंग यांतील भेद समीक्षेने ओळखला पाहिजे. पहिला अभिव्यक्तीचा भाग आहे. दुसरा निव्वळ अशुद्धलेखन होय, मग त्याची गती कितीही मोहक असो.