लोकप्रियतेचे मर्म आणि सावरगावची गोटमार

लोकप्रिय कृतीसमोर आपली समीक्षा एक तर नाक मुरडते, नाही तर लोकांना रुचले ते थोरच असले पाहिजे, असे मानून मोकळी होते. कृती लोकांच्या मनात घर करते ती कशाच्या बळावर, हा मूळ प्रश्न दोन्हीकडे निसटतो. त्याचा विचार ग्रंथालयात बसून करण्यापेक्षा जाम नदीच्या काठी करावा, असे आम्हांस वाटते.

नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, 2023 पासून जिल्ह्याचे ठिकाण. दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याचे लोक ते तोडून चंडीमातेच्या मंदिरात नेऊ पाहतात, सावरगावचे अडवतात, आणि दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. हीच गोटमार. तिच्या मुळाशी सांगितली जाणारी कथा अगदीच तोकडी आहे. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, नदीतच गाठला गेला. एका काठाने दगड मारले, दुसऱ्याने उत्तर दिले. नायकाला नाव नाही, नायिकेलाही नाही. काव्यदृष्ट्या हे दारिद्र्यच म्हणावे लागेल! या खेळाचा उगम सैन्याच्या सरावात शोधणारी दुसरी कथाही सांगतात. परंतु लोकांच्या ओठांवर अधिक रुळली ती पहिलीच. आमच्या मते कारण उघड आहे. सैन्याच्या कथेत ऐकणाऱ्याला जागा नाही. प्रेमिकांच्या कथेत ती जन्मतःच ठरलेली असते : तो मुलाकडचा किंवा मुलीकडचा. नावे नाहीत म्हणूनच ती रिकामी जागा दरवर्षी नव्या माणसांनी भरता येते.

तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) विदर्भातील लोकप्रियतेतही आम्हांस हेच दिसते. त्यांची भजने निव्वळ काव्यगुणांच्या काट्यावर तोलणाऱ्याला ती साधी वाटतील. पण खंजिरीच्या ठेक्यावर ध्रुपद समुदायाच्या स्वाधीन होते, आणि 'ग्रामगीता' तर वाचकाच्या हाती गावाचे कामच सोपवते. कवी मोठा होतो तो श्रोत्याला वाटेकरी करून.

मात्र वाटा झाडूचा असू शकतो, तसा दगडाचाही. गोटमारीत आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत, आणि दरवर्षी जखमींसाठी डॉक्टर आधीच सज्ज ठेवावे लागतात. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडे वळले. चेंडूने खेळ उरला, पण पक्षासाठी काही पणाला लावण्याचा मान गेला. लोकांच्या हट्टाला केवळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नाही. तरीही रक्ताला परंपरेचे नाव देऊन तिची थोरवी गाणाऱ्यांशी आम्ही मुळीच सहमत नाही.

या कथेत वाटा न मिळालेली एकच व्यक्ती आहे, ती सावरगावची मुलगी. तिच्या मनात काय होते, याविषयी कथेत अक्षर नाही. एखाद्या सावरगावकर लेखिकेने ती कथा तिच्या बाजूने लिहिली, तर कोण कोणत्या काठावर उभा राहील, हे पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.