कष्टकरी स्त्रिया आणि चित्रफितीचे शिक्षण

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. पूर्व विदर्भाच्या या भागात उन्हाळ्यात स्त्रिया तेंदूपत्ता तोडतात, आणि हंगाम सरल्यावर पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी नागपूरची वाट धरतात. अशा स्त्रियांचे जीवन पडद्यावर यावे, याविषयी दुमत नाही. ते कोणी टिपावे, हा मात्र वादाचा प्रश्न आहे.

त्याच तेंदूच्या पानात जी तंबाखू भरली जाते, तिच्या निपाणीतील वखारींवरचा 'तंबाकू चाकीला ऊब आली' (१९८२) हा मराठी माहितीपट येथे प्रथम विचारात घ्यावा लागतो. दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटाच्या या कृतीत कामगार स्त्रिया आपली हकीकत स्वतः सांगतात, हे तिचे यश थोडके नव्हे. तथापि कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या हाती होता. बोलणे कामगारांचे, पाहणे मात्र शिक्षितांचे, ही तिची मर्यादाही होय.

अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने १९८४ मध्ये ही मर्यादा ओलांडली. न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील श्रमिक स्त्रिया व्हिडिओचे तंत्र शिकल्या. त्यांतील काहींना अक्षरओळखही नव्हती. साक्षरता ही या विद्येची पूर्वअट नव्हे, हे त्यातून निर्विवाद ठरले.

परंतु यंत्र हाती येणे म्हणजे दृष्टी हाती येणे नव्हे, आणि या प्रयोगाचे गुणगान करणारे हे फार लवकर विसरतात. तेंदूच्या फडावर ७० पानांचा एक पुडा मोजून घेतला जातो. बाहेरचा चित्रकार तेथे हिरव्या पानांच्या राशी टिपील. पुडे बांधणारीचे लक्ष मात्र ते परत करणाऱ्या मुन्शीच्या हातावर राहील. ज्ञान तिच्यापाशी आहेच. तिला शिकवावयाचे ते संकलन: कोणते दृश्य ठेवावे, कोणते गाळावे, कोणाला दाखवावे. कारण बाहेरचा परत जातो. तिला मात्र पुढील उन्हाळ्यात त्याच फडावर, त्याच मुन्शीपुढे पुडे घेऊन उभे राहावयाचे असते.