मराठी प्रवासवर्णनातले लंडन आणि न सापडलेला लेडनहॉल स्ट्रीट

मी लंडन पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. लोणखेड्याहून शहाद्याच्या वाचनालयात जावे आणि पिशवीत दोन पुस्तके घालून परत यावे, एवढीच माझी विलायतवारी. मात्र ती तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तेवढ्या काळात लंडनवर मराठीत जे हाती लागले ते वाचले, काही दोनदा वाचले. आज मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी टॉवर, टॉवर ब्रिज, वेस्टमिन्स्टर अॅबे, बिग बेन, ट्रफल्गर चौक, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल यांचे वर्णन मी करू शकेन.

काही वर्षांपूर्वी टिपणे काढायला बसलो तेव्हा एक गोष्ट खटकली. ही स्थळे कोणत्या पुस्तकात वाचली ते मला वेगळे सांगता येईना. लेखक निराळे, दशके निराळी, पण टॉवरमधले कावळे आणि कोहिनूर तेच. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) आठवते ती तिच्यातल्या माणसांमुळे. इमारती तिथे माणसांच्या मागे पडद्यासारख्या उभ्या असतात. त्या शहरात वर्षानुवर्षे राहिलेल्या मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’मध्ये रहिवाशाची जवळीक आहे. हे अपवाद मानून बाकीच्यांकडे पाहिले, की लेखक शहर पाहतो आहे की मार्गदर्शकाच्या हातातली यादी तपासतो आहे, असा प्रश्न पडतो. चार दिवसांसाठी गेलेल्या माणसाने याद्या करू नयेत असे मी म्हणणार नाही. पैसे त्याचे, पाय त्याचे. पण यादी त्याची नसते, एवढेच माझे म्हणणे आहे. ती इंग्रजांनी स्वतःच्या इतिहासासाठी केलेली यादी आहे आणि आपण ती मराठीत उतरवून घेतली.

मराठी माणसाची स्वतःची यादी करायची तर तिचा आरंभ लेडनहॉल स्ट्रीटवरून करावा लागेल. माझ्या वाचनात आलेल्या स्थळवर्णनांत हे नाव मला सापडले नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय, म्हणजे ईस्ट इंडिया हाऊस, या रस्त्यावर होते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ साली पदच्युत करून काशीला पाठवले गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, चौदा वर्षे, तिथेच राहिले. एवढा काळ लंडनमध्ये काढणारा त्या पिढीतला दुसरा मराठी माणूस मला ठाऊक नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र १९४८ साली लिहिले, ते चळवळीच्या अंगाने वाचले जाते. मी ते लंडनचे पुस्तक म्हणून वाचून पाहिले आणि शहराचा नकाशाच बदलला.

रंगो बापूजींचे लंडन अर्जांचे आहे. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, संचालकांची दारे, छापखाने, पार्लमेंटच्या सभासदांच्या भेटी. जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात नाव कमावलेले जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखी माणसे त्यांच्या बाजूने उभी राहिली. हे थॉम्पसन १८४७ साली टॉवर हॅम्लेट्समधून निवडून आले. म्हणजे आपल्या प्रवाशाला टॉवर म्हटले की कोहिनूर आठवतो, तर साताऱ्याच्या वकिलाला आपल्या पाठीराख्याचा मतदारसंघ आठवत असणार! त्याच १८४७ साली प्रतापसिंह काशीला वारले. १८४८ साली त्यांचे बंधू शहाजी गेले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा झाले. वकील लंडनमध्येच होता. ज्या राज्यासाठी भांडायचे ते राज्य उरले नाही, तरी तो आणखी पाच वर्षे तिथे थांबला. या पाच वर्षांबद्दल आपल्या साहित्यात एखादी कादंबरी असायला हवी होती.

इथे आमच्या खानदेशाचा धागा येतो. रंगो बापूजींनी ज्यांच्याविरुद्ध लंडनमध्ये तक्रारी मांडल्या त्यांत साताऱ्याचे रेसिडेंट चार्ल्स ओव्हन्स हे प्रमुख होते. हे ओव्हन्स साताऱ्याला जाण्याआधी खानदेशात होते. १८२५ साली इंग्रजांनी इथे भिल्ल एजन्सी स्थापली. धरणगावला आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली ते आपण शाळेत ऐकतो. त्याच व्यवस्थेत दक्षिणेकडे कन्नडच्या बाजूला ओव्हन्स एजंट होते. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या भिल्लांना ‘शांत’ करण्याचा अनुभव घेऊन हा अधिकारी छत्रपतींच्या दरबारात पोचला. दोन्हीकडचे त्याचे अहवाल मुंबईमार्गे लेडनहॉल स्ट्रीटलाच जात होते. सातारकरांनी आणि खानदेशकरांनी आपापले इतिहास वेगवेगळे लिहिले. ओव्हन्स मात्र दोन्हीकडे एकच होता. हे मला ज्या दिवशी लक्षात आले त्या दिवशी लंडन पहिल्यांदा जवळचे वाटले.

ईस्ट इंडिया हाऊस १८६१ साली पाडले. त्या जागी आज लॉइड्सची पोलादी नळ्यांची इमारत आहे, रिचर्ड रॉजर्स यांनी आखलेली, १९८६ सालची. पर्यटक तिचे फोटो काढतात. कंपनीचे कागद तेवढे वाचले. ते आधी व्हाइटहॉलच्या इंडिया ऑफिसात गेले, १९६७ साली ब्लॅकफ्रायर्स रोडवर, १९८२ साली ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यात आणि शेवटी सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत. माझ्या मते मराठी माणसाची लंडनमधली सर्वांत मोठी ऐतिहासिक वास्तू म्हणजे हे फिरते दप्तर. विनायक दामोदर सावरकरांनी १८५७ वरचा ग्रंथ लिहिला तो इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी याच ग्रंथालयात आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात दिवस घालवत. वा. सी. बेंद्रे शिवकालाचे कागद शोधत विलायतेला गेले. एका दप्तराने इतक्या भिन्न वाटांची माणसे ओढून घेतली, आणि प्रवासवर्णनात त्या दप्तराला अर्धे पानही नाही. कारण उघड आहे. तिथे पाहण्यासारखे काही नसते, वाचण्यासारखे असते.

सावरकरांनी १९०६ नंतर मुंबई-पुण्याच्या पत्रांसाठी पाठवलेली ‘लंडनची बातमीपत्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचावीत. त्यांची मते पटोत न पटोत, त्या शहराकडे पाहुण्याच्या नजरेने न पाहणारे मराठी गद्य तिथे आहे. टिळक १९१८ साली गेले ते व्हॅलेंटाइन चिरोलवर खटला लढवायला. स्ट्रँडवरचे रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस आपले प्रवासी गॉथिक कमानींसाठी पाहतात. टिळक १९१९च्या फेब्रुवारीत तो खटला हरले. त्यांच्या हाउली प्लेसवरच्या घरावर निळी पाटी आहे, हायगेटला क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर सावरकरांची आहे. गंमत अशी की दोन्ही पाट्यांवर दोघांचे वर्णन एकाच शब्दांत आहे : हिंदी देशभक्त आणि तत्त्वज्ञ. पाटीला तपशील परवडत नाही.

स्थळ कोण ठरवते, या प्रश्नाचा सरळ निकाल लागला तो किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घराबाबत. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले. कॅम्डनच्या स्थानिक परिषदेने हरकत घेतली की हे राहते घर आहे, संग्रहालयाची परवानगी नाही. शेजाऱ्यांची तक्रार होती गर्दीची. चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. कॅम्डनच्या मंडळींना खोटे म्हणता येणार नाही, नियमाने ते राहते घरच होते. पण मराठी माणसाच्या लंडनमधल्या जवळजवळ सगळ्याच खुणा अशा भाड्याच्या खोल्यांत आहेत. राजवाडे बांधायला आपण तिथे गेलोच नव्हतो.

आता भीती वेगळी आहे. या घरांचीही यादी होईल, सहलीच्या बसमधून उतरून पाटीखाली फोटो निघतील, आणि पुढच्या पुस्तकात कावळ्यांच्या जागी पाट्या येतील. २०२४ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे साताऱ्यात आली तेव्हा रांगा लागल्या. त्यांच्या अस्सलपणाची खात्री ते संग्रहालय स्वतःच देत नाही. साताऱ्याच्या वकिलाच्या चौदा वर्षांसाठी मात्र कोणी रांगेत उभे राहिलेले मी ऐकले नाही. दुसऱ्यांना कशाला बोल लावायचा! आमच्याजवळ प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर जो जातो तो केदारेश्वराचे दर्शन घेऊन परततो. १९५५ साली बा. कृ. थापर यांनी तिथलेच पांढरीचे टेकाड खणले आणि ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उजेडात आणली. त्या टेकाडाकडे मीही चाळिशीपर्यंत वळून पाहिले नव्हते.

सेंट पँक्रसच्या वाचनकक्षाचा पास फुकट मिळतो म्हणे, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. भिल्ल एजन्सीच्या पत्रव्यवहारात नंदुरबार आणि सुलतानपूर परगण्यांची नावे आहेत, गावोगावच्या नाईकांशी झालेल्या करारांची प्रकरणे आहेत. आमच्या भागातला कोणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी लंडनला गेली तर टॉवर जरूर पाहावा. त्यानंतर एक दिवस काढून ओव्हन्सचे खानदेशातले आणि साताऱ्यातले कागद एकाच टेबलावर मागवावेत, आणि जे दिसेल ते मराठीत लिहून पाठवावे.