उन्हाशिवायचा काळेपणा

लोणावळ्यात ब्युटी पार्लरचे काम शिकणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटली. परदेशात गोरी माणसे अंगावर फवारा मारून घेतात आणि उन्हात न जाता सावळी होतात, असे तिला शिकवणीत कळले होते. ती म्हणाली, "सर, पैसे देऊन काळं व्हायचं? मग आमच्या आयांना किती द्यायचे?"

या फवाऱ्यात डायहायड्रॉक्सीॲसिटोन हा साखरेच्या कुळातला पदार्थ असतो. कातडीच्या वरच्या मृत थराशी त्याचा संयोग होऊन काही तासांत तपकिरी रंग चढतो. तव्यावरची भाकरी तांबूस होते ती अशाच क्रियेने. मृत थर झडला की आठवडाभरात रंगही जातो. तिकडे सावळेपणा ही सुट्टीची खूण. इकडे ती कष्टाची खूण ठरली, म्हणून १९७५ साली आपल्याकडे 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० साली तिचे नाव बदलले, एवढेच. माझी आई चैत्राच्या उन्हात मावळातल्या खाचरांवर राब भाजण्यासाठी शेण आणि पालापाचोळा वाहत असे. तिचा रंग आठवड्याने उतरणारा नव्हता.

आपला चित्रपट मात्र उतरणारा रंगच पसंत करतो. 'सुपर ३०' (२०१९) मध्ये गरीब घरातला शिक्षक उभा करायचा, तर हृतिक रोशनला सावळे रंगवले गेले. त्याच वर्षीचा 'बाला' हा तर रंगावरून होणाऱ्या अवहेलनेविरुद्ध बोलणारा चित्रपट. त्यातली काळी नायिका म्हणून भूमी पेडणेकरला काळे केले गेले. काळ्या मुलीची कैफियत मांडायलाही काळी मुलगी नको! नटाने दुसऱ्याचे जगणे उभे करू नये, असे माझे म्हणणे नाही. पण काळ्या नटीला गोरीची भूमिका कधी देता का, एवढे तरी सांगा.

नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'त (२०१३) हा व्यवहार उलटतो. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला रंग फासावा लागला नाही. उलट त्याचा जब्याच नाक सरळ व्हावे म्हणून नाकाला चाप लावतो. ते पाहताना मला बाबासाहेबांचा १९४८ चा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ आठवला. नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासून बाबासाहेबांनी त्यात दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत. अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधणे चूक आहे. शास्त्राने खोटा ठरवलेला भेद गावाने पोराच्या नाकावर चापासारखा बसवला, हे मंजुळे दाखवतात. रंगभूषाकाराची बाटली नेमका तोच भेद खरा मानते: खालचा म्हणजे काळा.

आणि इथे आपल्यालाही आपली झडती घेतली पाहिजे. आपल्या किती कवितांत काळी कातडी हीच दलितत्वाची सोयीची खूण झाली आहे! आमच्या मावळात उन्हात राबणारा कुणबीही काळाच आहे, आणि वस्तीतली गोरी पोर पाणवठ्यावर आडनाव सांगताच दूर उभी केली गेली आहे. जात कातडीवर नसते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते, सातबाऱ्यावर असते. तिथे कोणताही फवारा पोचत नाही. आपली लेखणी तरी पोचली पाहिजे.