प्रामाणिकपणाचे दुसरे वय

आत्मपर कलाकृतीचे मूल्यमापन ‘अनुभवाचा प्रामाणिकपणा’ या निकषावर करताना एक पेच उद्भवतो. अनुभवाचे वय सरल्यानंतर त्याच अनुभवाकडे परतणारी अभिव्यक्ती अप्रामाणिक मानायची काय? ‘अमेरिकन फुटबॉल’ या अमेरिकन रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमसंदर्भात (२०१६) हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

१९८०च्या दशकात वॉशिंग्टनमधील हार्डकोर पंकमधून ‘इमो’ हा संगीतप्रकार उदयास आला. भावनेची अनावृत कबुली हे त्याचे मुख्य लक्षण. इलिनॉय विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या या बँडने १९९९ मध्ये पहिला अल्बम काढला आणि लवकरच तो विसर्जित झाला. २०१४ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा त्या एकमेव अल्बमला या प्रकारातील अभिजात कृतीचे स्थान मिळालेले होते.

दुसऱ्या अल्बमचे नावही पहिल्याप्रमाणेच बँडचे नाव आहे. पहिल्याच्या मुखपृष्ठावर अर्बाना येथील एक घर बाहेरून दिसते. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर त्याच घराचा अंतर्भाग आहे. हा घरात प्रवेश असला, तरी स्वगृही परतणे नव्हे. मधल्या काळात ते घर श्रोत्यांच्या स्मृतीचे चिन्ह बनलेले असते. चाळिशीच्या उंबरठ्यावरील गायक माइक किन्सेला आपल्या भूतकाळात शिरतो, तेव्हा तो इतरांनी घडवलेल्या प्रतिमेतही शिरत असतो. पहिल्याच गीताच्या शीर्षकात ‘आपण आता कुठे आहोत’ असा प्रश्न यावा, हे म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

परस्परांत गुंतणारी गिटारवादने आणि ट्रम्पेट हे घटक दोन्ही अल्बमांत आहेत. बदलले आहे ते आवाजाचे स्थान. पहिल्यात शब्द विरळ आहेत. वाद्यांमधील दीर्घ अवकाश श्रोत्याने स्वतःच्या अनुभवाने भरायचा असतो. दुसऱ्यात आवाज पुढे येतो, वाक्ये पूर्ण होतात आणि तो अवकाश आक्रसतो. ही हानी नाकारता येणार नाही. मात्र तिला उत्स्फूर्ततेचा अभाव म्हणणे म्हणजे पहिल्या अल्बममधील उत्स्फूर्तताही एक रचलेला परिणाम होता, हे विसरणे होय. तारुण्यातील अर्धोच्चार आणि प्रौढत्वातील पूर्णोच्चार हे दोन्ही रूपबंधच आहेत.

दुसऱ्या अल्बमचे महत्त्व पहिल्याची बरोबरी साधण्यात नाही. प्रामाणिकपणा हा कलावंताच्या मनाचा गुण नसून कृतीच्या घडणीतून आणि श्रोत्याच्या अपेक्षेतून सिद्ध होणारा संकेत आहे, हे तो उघड करतो. इमोसारख्या कबुलीप्रधान प्रकारात हे घडावे, ही त्याची खरी कमाई होय.