झोपलेल्या राजकन्येची नाडी

संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे ते तुम्हांला सांगावं लागणार नाही. बी.कॉम.ला तो विषय नव्हता, आणि बँकेत गेली वीस वर्षं कानांवर पडतो तो नोटा मोजायच्या यंत्राचा फडफडाट. पण मला मोजता येतं. या टीकालेखामागे भांडवल म्हणाल तर तेवढंच.

परवा रविवारी मी मोबाइलवर मोरीस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची 'झोपलेल्या राजकन्येची पावान' लावली होती. एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायची ही चीज. पावान हा सोळाव्या शतकातला राजदरबारी संथ नाच, आणि राजकन्या शार्ल पेरोच्या गोष्टीतली, शंभर वर्षं झोपणारी. दोन सुरावटी होतात न होतात तोच स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. राजकन्या झोपलीय."

"मग एवढं सुतकी का वाजवतायत?"

मी आजवर वाचलेल्या संगीत-समीक्षेत इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. त्यामुळे मी निमूटपणे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेब सोपा आहे. राव्हेलनं वर 'लां', म्हणजे संथ, असं लिहिलंय. पण पुढे मिनिटाला ५८ ठोके असा आकडाही दिलाय. चीज वीस मात्राखंडांची, प्रत्येकात चार ठोके. एकूण ऐंशी. ऐंशीला अठ्ठावन्ननं भागा : एक मिनिट तेवीस सेकंद. आपल्याकडे विलंबित एकतालाच्या एका आवर्तनालाच मिनिटभर लागतं. म्हणजे बुवा दुसऱ्यांदा समेवर यायच्या आत ही अख्खी चीज आटोपलेली असते. आमच्या मोबाइलवरचे दोन सद्गृहस्थ मात्र दोन मिनिटं उलटून गेली तरी वाजवतच होते. बँकेत एवढा फरक आला असता तर कॅशियरला रात्री घरी सोडलं नसतं.

संथ लिहिलं की दुःखी वाजवायचं, ही जुनी खोड आहे. राव्हेलनं १८९९ साली एका दिवंगत राजकन्येसाठीही पावान लिहिली होती. ती कुणीतरी फारच रेंगाळत वाजवली, तेव्हा मेली ती राजकन्या, पावान नव्हे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाल्याचं सांगतात. इथं तर राजकन्याही जिवंत आहे!

आता स्वर. चीज ए मायनरमध्ये आहे, आणि मायनर म्हटलं की आपण रुमाल काढतो. पण नेहमीच्या मायनरमध्ये षड्जाच्या उंबऱ्यावर शुद्ध निषाद उभा असतो, 'चला, चला, घरी चला' म्हणून ओढणारा. इथं कोमल निषादाचं राज्य आहे. ढोबळमानानं आपल्या आसावरी थाटातले स्वर. राग नव्हे हं, नुसता थाट. हा निषाद कुणाला ओढत नाही. घरी पोचलात तर आनंद, नाही पोचलात तरी तक्रार नाही. दुःखाला ओढ असते, झोपेला नसते. ही सुरावट मला रडकी वाटत नाही ती म्हणूनच.

वाजवणारे कोण, तेही बघा. १९०८ साली ही चीज लिहिली ती गोदेब्स्की या स्नेह्यांच्या मिमी आणि झां या मुलांसाठी. नंतर तिला आणखी चार भावंडं मिळाली आणि १९१० साली पॅरिसमध्ये तो संच पहिल्यांदा जाहीरपणे वाजवला तो दुसऱ्याच दोन लहान मुलींनी. छोट्या हातांना झेपतील असेच स्वर. चार हातांचं वादन म्हणजे जॉइंट अकाउंट. पण 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' नव्हे, दोघांच्याही सह्या लागणारं. मोठी माणसं अशा खात्यात आपापलं दुःख भरत बसतात. मुलं शेजारच्याच्या कोपराकडे लक्ष ठेवून सरळ वाजवतात.

अठ्ठावन्न या आकड्याशी माझी थोडी ओळख आहे. गेल्या पावसाळ्यात आई तापानं आजारी होती. ताप उतरला त्या रात्री ती इतकी शांत झोपली, की माझ्याच पोटात गोळा आला. मनगट धरून घड्याळाकडे बघत मोजत बसलो. साठाच्या अलीकडे-पलीकडे ठोके. संथ, पण एकही न चुकवता. त्या रात्री मला कळलं की झोप आणि ती दुसरी गोष्ट लांबून सारखीच दिसतात. फरक हाताला लागतो तो फक्त नाडीत. ती नाडीच वादकांनी हरवली, तर ऐकणाऱ्यानं 'कोण गेलं' विचारू नये तर काय करावं?

मी शोधून शोधून दुसरं वादन लावलं. दीड मिनिटाच्या आसपासचं. चार-सहा सेकंद इकडेतिकडे. तेवढी सूट मीही देतो. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. ही दारात येऊन उभी राहिली, शेवटचा स्वर विरेपर्यंत काही बोलली नाही.

"हे बरंय," ती हळूच म्हणाली. "पण आवाज बारीक करा. आई झोपल्यात."